‘पॉइंट’ आणि ‘सूची’ : पावलाच्या टोकावरील नृत्याच्या दोन संज्ञा

नृत्यविषयक मराठी लेखनात ‘बॅले’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. मात्र बॅलेच्या अंतर्गत परिभाषेची मराठीतील स्थिती अद्याप अनिश्चित आहे. या परिभाषेतील सर्वांत परिचित, आणि बहुधा सर्वांत अधिक विपर्यस्त झालेली संज्ञा म्हणजे ‘पॉइंट’. तिचा अर्थ मराठीत कधी ‘चवड्यावर नाचणे’, कधी ‘टाचा उचलून नाचणे’, कधी ‘पदाग्रनृत्य’, तर कधी भरताच्या ‘अग्रतलसंचर’ या संज्ञेचा आधार घेऊन दिला जातो. हे चारही शब्द एकमेकांचे पर्याय असल्यासारखे वापरले जातात. वस्तुतः ते तसे नाहीत. ‘पॉइंट’ या संज्ञेची व्युत्पत्ती व तिचा नेमका अर्थ स्पष्ट करणे आणि आपल्या नृत्यशास्त्रातील कोणती संज्ञा तिच्या खरोखर जवळची आहे हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार बंगळुरूच्या संदर्भात करणे सोयीचे आहे. या नगरात भरतनाट्याचे वर्ग गल्लोगल्ली आहेत आणि बॅलेचे पद्धतशीर शिक्षणही मिळते. एकच मुलगी आठवड्यातील काही दिवस अनवाणी पायांनी अडवूंचा सराव करते आणि उरलेल्या दिवशी साटीनचे मऊ जोडे घालून बॅलेच्या वर्गाला जाते, हे दृश्य येथे दुर्मिळ नाही. दोन्ही ठिकाणी तिला टाच उचलण्यास सांगितले जाते. मात्र दोन्ही ठिकाणी टाच उचलण्याचा अर्थ एकच नसतो, आणि हा भेद न कळल्यास त्याची किंमत शब्दकोशाला नव्हे, तर त्या मुलीच्या पावलांना मोजावी लागते.

प्रथम शब्दाची कुळकथा पाहू. बॅलेची परिभाषा फ्रेंच आहे, कारण या कलेला शास्त्रीय बैठक मिळाली ती चौदाव्या लुईने 1661 साली स्थापन केलेल्या राजकीय नृत्य अकादमीपासून. फ्रेंचमध्ये या संज्ञेचा उच्चार ‘प्वँत’ असा होतो. ते स्त्रीलिंगी नाम असून त्याचा मूळ अर्थ ‘टोक’ असा आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘पुंगेरे’ म्हणजे ‘टोचणे’ या धातूच्या ‘पुंक्ता’ या कृदन्त रूपात आहे. इंग्रजीतील ‘पॉइंट’ याच कुळातील. इतकेच नव्हे, तर रस्त्याच्या कडेला सायकलवाल्याच्या पाटीवर दिसणारा ‘पंक्चर’ हा शब्दही याच धातूपासून आलेला आहे. नर्तकीचे साटीनचे जोडे आणि टायरमध्ये घुसलेला खिळा यांचे असे भाषिक नाते आहे.

‘प्वँत’ या शब्दाचा अर्थविस्तार मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण आपला ‘टोक’ हा शब्द जवळजवळ त्याच वाटेने गेलेला आहे. सुरीचे टोक, बोटाचे टोक, समुद्रात शिरलेले भूमीचे टोक ही सर्व मराठीत ‘टोक’च, फ्रेंचमध्येही या सर्वांस ‘प्वँत’ म्हणता येते. मुंबईतील ‘नरिमन पॉइंट’ या नावातील ‘पॉइंट’ हा याच भौगोलिक अर्थाचा आहे. महाबळेश्वर-माथेरानच्या ‘पॉइंटां’मध्ये हा अर्थ थोडा सैल होऊन ‘जेथून दृश्य दिसते ते ठिकाण’ असा झाला आहे. तेव्हा नृत्यातील ‘पॉइंट’ म्हणजे पावलाचे टोक, आणि तेही अक्षरशः टोक. पावलाचा पुढचा भाग नव्हे. हा मुद्दा पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

येथे दोन लहान भाषिक गैरसमजांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. इंग्रजी नृत्यलेखनात ‘आँ प्वँत’ हा प्रयोग रूढ आहे आणि तो अस्सल फ्रेंच समजला जातो. प्रत्यक्षात फ्रेंच नर्तक बहुधा ‘स्युर ले प्वँत’, म्हणजे ‘टोकांवर’, असे अनेकवचनी बोलतात. ‘आँ प्वँत’ याचा सामान्य फ्रेंचमधील अर्थ ‘निमुळता होत गेलेला’ असा असून तो दाढीच्या आकारालाही लागतो. दुसरा गैरसमज आपल्याकडील वर्गात अधिक आढळतो. शिक्षिका मुलींना जमिनीवर बसवून ‘पॉइंट’ आणि ‘फ्लेक्स’ असे आलटून पालटून सांगते. त्या वेळी ‘पॉइंट’ ही इंग्रजी आज्ञा असते आणि तिचा अर्थ पाऊल घोट्यापासून ताणून बोटे पुढे रोखणे एवढाच असतो. त्याचा पावलाच्या टोकावर उभे राहण्याशी संबंध नाही. इंग्रजी लेखनात फ्रेंच संज्ञेच्या शेवटी एक अक्षर अधिक ठेवून हा भेद राखला जातो. नागरी लिपीत तो पुसला जातो. त्यामुळे ‘माझी मुलगी पहिल्याच महिन्यात पॉइंट शिकली’ असे एखादी आई म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. फक्त ती दुसऱ्या ‘पॉइंट’विषयी बोलत असते.

संज्ञेच्या उगमाइतकाच त्या क्रियेचा उगमही लक्षणीय आहे. बॅले जन्मतः टोकावरचे नृत्य नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नर्तकी टाचेच्या जोड्यांतून, आणि नंतर सपाट तळाच्या जोड्यांतून नाचत. 1796 साली लंडनच्या रंगभूमीवर शार्ल दिदलो याने ‘फ्लोर आणि झेफिर’ या बॅलेत नर्तकांना तारांनी उचलण्याची युक्ती योजली. हवेत उचलले जाण्यापूर्वी नर्तकीचा पाय क्षणभर बोटांच्या टोकावर टेकलेला दिसे आणि प्रेक्षकांना तोच क्षण मोहवी. पुढील दोन-तीन दशकांत तारेच्या साहाय्याविना तो क्षण साधण्याचा प्रयत्न काही नर्तकींनी केला. इटालियन नर्तकी अमालिया ब्रुन्योली हिचे नाव त्यांत विशेषत्वाने घेतले जाते. मात्र त्या काळी टोकावर चढणे ही बरीचशी कसरत होती. हात उंचावून, प्रयत्न दाखवून ती केली जाई. तिचे काव्यात रूपांतर केले ते मारी तालिओनी हिने, 12 मार्च 1832 रोजी पॅरिसच्या ऑपेरात सादर झालेल्या ‘ला सिल्फीद’ या बॅलेत. नायिका मानवी नाही, वायुरूप आहे, तिला भूमीचा स्पर्श जवळपास नकोच आहे, हा आशय टोकावरील पावलाने व्यक्त झाला. तंत्राला अर्थ मिळाला तो येथे.

जाता जाता एक योगायोग नोंदवावासा वाटतो. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे 7 मार्च 1832 रोजी, म्हणजे या प्रयोगाच्या पाचच दिवस आधी, निवर्तले. त्यांच्या नावावर असलेल्या ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या मराठी नृत्यप्रबंधांत जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा क्रमाने एका संपूर्ण नृत्यसादरीकरणाची रचना सांगितलेली आहे. त्यांच्याच दरबारी बहरलेल्या तंजावर बंधुचतुष्टयाने आजच्या भरतनाट्याला त्याचा क्रम दिला आणि त्यांतील चिन्नय्या पुढे म्हैसूरच्या दरबारी गेले. शहाजीराजांची जहागीर ज्या बंगळुरूत होती तेथूनच व्यंकोजीराजे तंजावरास गेले होते. म्हणजे ज्या दशकांत पॅरिसची नर्तकी भूमी सोडू पाहत होती, त्याच दशकांत मराठी राजाच्या आश्रयाने दक्षिणेची नर्तकी गुडघे वाकवून, पूर्ण तळपाय आपटून भूमीशी आपले नाते पक्के करीत होती. दोन्ही परंपरांनी आपापले व्याकरण एकाच सुमारास निश्चित केले, ही गोष्ट तौलनिक अभ्यासात क्वचितच नोंदली जाते.

तालिओनीचे जोडे मऊ साटीनचे होते. त्यांना पातळ चामड्याचा तळ असे आणि बाजूंना व टोकाशी दाट टाके घातलेले असत; आतून कसलाही आधार नव्हता. त्यामुळे टोकावरचा तोल क्षणिक असे. आज आपण जो ‘पॉइंट’चा जोडा पाहतो तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन नर्तकींच्या मागणीतून घडला. पिएरिना लेन्यानी हिने 1895 साली सेंट पीटर्सबर्ग येथे ‘स्वान लेक’मध्ये एकाच पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या, तशा गिरक्या निराधार जोड्यात घेणे जवळपास अशक्य होते. आधुनिक जोड्याच्या टोकाशी कापड व कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेली पेटी असते आणि तळाखाली पावलाला आधार देणारी ताठ पट्टी असते. पेटीचे टोक किंचित सपाट असते. सारा देहभार त्या नाण्याएवढ्या सपाटीवर येतो. या जोड्याचे आयुष्य अत्यंत अल्प असते. व्यावसायिक नर्तकीचा एक जोड कधीकधी एका प्रयोगातच निकामी होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘चवडा’ म्हणजे पावलाचा पुढचा रुंद भाग, जेथे बोटे पावलाला जुळतात तो. आपण फळीवरचा डबा काढण्यासाठी टाचा उचलतो तेव्हा चवड्यावर उभे असतो. बॅलेत या स्थितीला ‘डेमी-पॉइंट’, म्हणजे ‘अर्धे टोक’, असे स्वतंत्र नाव आहे आणि ती मऊ जोड्यांत वा अनवाणी सहज साधते. पूर्ण ‘पॉइंट’मध्ये चवडाही जमिनीवरून उचललेला असतो. बोटे सरळ रेषेत खाली रोखलेली असतात आणि घोटा, पावलाची कमान व बोटे एका उभ्या रेषेत येतात. म्हणून ‘चवड्यावर नाचणे’ हे भाषांतर पॉइंटचे नसून अर्ध्या पॉइंटचे आहे. ‘टाचा उचलून नाचणे’ यात दोन्ही येतात, म्हणून ते काहीच सांगत नाही.

‘अग्रतलसंचर’ या संज्ञेची गत तीच. नाट्यशास्त्राने पावलाचे उद्घट्टित, सम, अग्रतलसंचर, अंचित व कुंचित असे भेद सांगितले आहेत. त्यांपैकी अग्रतलसंचरात टाच वर उचललेली, अंगठा पुढे पसरलेला आणि इतर बोटे वळलेली असतात. शब्दच सांगतो की, हे ‘अग्र-तल’ आहे, तळव्याचा पुढचा भाग. म्हणजे आपला चवडा. याला इंग्रजी पुस्तकांतून सर्रास ‘टो’चे नृत्य म्हटले जाते आणि ते वाचून मराठी लेखक पुन्हा त्याचे बॅलेशी नाते जोडतात. इंग्रजीतील ‘टो’ हा शब्द बोट आणि पावलाचे पुढचे टोक या दोन्ही अर्थांनी सैलपणे वापरला जातो, हे या गोंधळाचे मूळ आहे. मराठीत ‘बोट’ आणि ‘चवडा’ हे दोन स्वच्छ शब्द असताना हा गोंधळ आयात करण्याचे कारण नव्हते.

बंगळुरूतील भरतनाट्याच्या वर्गात ज्याला ‘कुदित्त मेट्टु’ म्हणतात तो अडवू या दृष्टीने बोलका आहे. ‘तै हत् तै ही’ या बोलांवर नर्तकी उडी घेऊन चवड्यांवर उतरते आणि लगेच टाचा जमिनीवर आपटते. तमिळमध्ये ‘कुदि’ म्हणजे उडी मारणे; ‘मेट्टु’ या शब्दाचा ‘पायाने दाबणे, तुडवणे’ हा अर्थ कन्नड भाषकाला ऐकताक्षणी कळतो. (त्याच कन्नड भाषकाला ‘कुदि’ ऐकून मात्र उकळते पाणी आठवते, कारण त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ उकळणे असा आहे!) भरताच्या उद्घट्टित पादाचे वर्णन, म्हणजे प्रथम तळव्याच्या अग्रावर उभे राहून मग टाच भूमीवर पाडणे, या अडवूशी जुळते. येथे टाच उचलली जाते ती आपटण्यासाठी. बॅलेत ती उचलली जाते ती पुन्हा टेकू नये अशी इच्छा असल्यासारखी. दोन नृत्यपद्धतींतील सारे अंतर या एका टाचेत सामावलेले आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मग आपल्या शास्त्रात पावलाच्या खऱ्या टोकाला संज्ञाच नाही काय? आहे, आणि ती फारशी उल्लेखिली जात नाही याचे नवल वाटते. नाट्यशास्त्राच्या पाठपरंपरेत वरील पाच भेदांखेरीज ‘सूची’ नामक पादाचे वर्णन येते. टाच उचललेली, पाऊल अंगठ्याच्या अग्रावर टेकलेले आणि दुसरा पाय स्वाभाविक स्थितीत, असे त्याचे लक्षण आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या नर्तनाध्यायातही सूचीला पादभेदांमध्ये स्थान आहे. 108 करणांमध्ये सूची, अर्धसूची व सूचीविद्ध ही नावे आढळतात. ‘अभिनयदर्पणा’त सांगितलेल्या दहा मंडलांपैकी समसूची व पार्श्वसूची यांत पावलांची अग्रे आणि गुडघे भूमीला टेकतात, आणि हे शब्द आजही बंगळुरूच्या वर्गांत प्रत्यक्ष वापरात आहेत.

आता ‘सूची’ म्हणजे काय? सुई. मराठीतील ‘सुई’ हा याच शब्दाचा तद्भव. ‘सूचना’, ‘सूचक’ हे दाखवण्याच्या, निर्देश करण्याच्या अर्थाचे शब्दही याच परिवारातील, आणि तर्जनी सरळ रोखलेल्या हस्ताला ‘सूचीमुख’ म्हणतात तेही याच कल्पनेतून. एकीकडे ‘टोचणे’ या धातूपासून टोक, टोकापासून पाऊल आणि निर्देशही. दुसरीकडे टोचणारी सुई, तिच्यापासून पाऊल आणि निर्देशही. लॅटिन व संस्कृत या दोन्ही शब्दांचे मूळ एक नाही. पण दोन दूरच्या भाषांनी जवळपास एकच रूपक स्वतंत्रपणे घडवले. पावलाचे टोक जमिनीत टोचल्यासारखे टेकते, हे दोन्हीकडच्या पाहणाऱ्यांना दिसले होते.

हे साम्य मनोहर असले तरी त्यावरून ‘पॉइंट’साठी ‘सूचीपाद’ हा मराठी प्रतिशब्द रूढ करावा असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही. सूचीमध्ये देहभार मुख्यतः दुसऱ्या, स्वाभाविक स्थितीतील पायावर राहतो. सूचीपाद हा विशिष्ट हालचालीतील एक क्षण आहे, संचाराची पद्धती नव्हे. आणि तो अनवाणी पायाचा आहे. पॉइंटमध्ये सारा भार टोकावर असतो आणि ते तंत्र जोड्याशी अविभाज्यपणे बांधलेले आहे. (जॉर्जियातील पुरुष लोकनर्तक कडक पेटीविना, मऊ चामडी बुटांत, दुमडलेल्या बोटांवर उभे राहतात, पण तेही पॉइंट नव्हे.) म्हणून ‘पॉइंट’ हा शब्द जसाच्या तसा ठेवून त्याचा अर्थ ‘बोटांच्या टोकांवर’ असा द्यावा; ‘डेमी-पॉइंट’साठी मात्र ‘चवड्यावर’ हा घरचा शब्द निःशंकपणे वापरावा. ‘पदाग्र’ हा शब्द त्या दोहोंपैकी कोणता, हे सांगत नसल्यामुळे टाळलेला बरा.

परकी संज्ञा मराठीत येताना सैल होते याचे उदाहरण ‘बॅले’ या शब्दातच आहे. 1952 साली शांती बर्धन यांनी मुंबईत ‘लिट्ल बॅले ट्रूप’ उभी केली. सचिन शंकर यांच्या मंडळाच्या नावातही ‘बॅले’ होते. या प्रयोगांत पॉइंटचा संबंध नव्हता. तेथे बॅले म्हणजे कथानकयुक्त समूहनृत्य, आपले नृत्यनाट्य. मराठी रसिकाच्या मनात तोच अर्थ बसला. उलट दिशेचा प्रवास याहून जुना आहे. ‘बॅले’ ज्या ‘नाचणे’ या अर्थाच्या धातूपासून आला त्याचेच पोर्तुगीज अपत्य म्हणजे ‘बायलादेइरा’; गोव्यातील देवळांत नाचणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीजांनी हे नाव दिले. ते फ्रेंचमध्ये ‘बायादेर’ झाले, आणि 1877 साली मारियुस पेतिपाने सेंट पीटर्सबर्ग येथे ‘ला बायादेर’ हा बॅले सादर केला. त्यातील कल्पित भारतीय देवनर्तकी अर्थातच पॉइंटवर नाचते! गोमंतकातील कोणत्याही कलावंतिणीने असे पाऊल टाकले नसते.

या दोन परंपरांची प्रत्यक्ष भेट घडवणाऱ्यांत बंगळुरूची माणसे आहेत. आन्ना पावलोवाच्या प्रेरणेने रुक्मिणीदेवी अरुंडेल बॅलेकडून भरतनाट्याकडे वळल्या, ही कथा परिचित आहे. बंगळुरूत जन्मलेले रामगोपाल यांची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. कथकली व भरतनाट्य शिकून ते युरोपच्या रंगमंचावर गेले आणि 1960 साली विख्यात बॅले-नर्तकी अलिशिया मार्कोव्हा हिच्यासह ‘राधा-कृष्ण’ सादर केले. मल्लेश्वरमच्या कोकणीभाषक कुटुंबातील माया राव 1960च्या दशकाच्या आरंभी मॉस्कोत नृत्यरचना शिकल्या आणि कथकच्या असूनही बॅलेच्या रचनातत्त्वांचे ज्ञान घेऊन परतल्या. त्यांची संस्था 1987 साली दिल्लीहून बंगळुरूस आली. त्यांनी पॉइंट आणला नाही. समूह कसा मांडावा, अवकाश कसा वापरावा हे आणले. परक्या कलेतून काय घ्यावे आणि काय तिच्याच पावलांत राहू द्यावे, याचा विवेक त्यात दिसतो. पुढे याना लुईस यांच्यासारख्या शिक्षिकांमुळे बॅलेचे शास्त्रोक्त शिक्षणच या नगरात उपलब्ध झाले आणि ‘पॉइंट’ हा शब्द पुस्तकांतून घरांत आला.

शब्द घरात आला की त्याचा अर्थ अचूक असण्याची निकड वाढते. पॉइंटचे शिक्षण साधारणतः अकरा-बारा वर्षांच्या वयानंतर, आणि त्याआधी काही वर्षे नियमित सराव झाल्यावरच सुरू करावे, असा जाणत्या शिक्षकांचा दंडक आहे. पावलाच्या हाडांतील वाढीचे कोवळे भाग त्या वयात अद्याप पूर्ण जुळलेले नसतात. घोटा, पोटरी व कंबर यांत पुरेसे बळ नसेल तर सारा भार बोटांच्या सांध्यांवर येतो. केवळ वय पुरेसे नाही. शिक्षकाने पाऊल, घोटा आणि उभे राहण्याची ढब पाहून अनुज्ञा द्यावयाची असते. चवड्यावर उभे राहण्यास मात्र असे बंधन नाही. सात वर्षांची मुलगी ते पहिल्या दिवसापासून करू शकते. बॅलेविषयी मराठीत लिहिलेल्या एखाद्या पुस्तिकेत ‘पॉइंट म्हणजे चवड्यावर उभे राहणे’ असे वाचणाऱ्या पालकाला आपल्या सात वर्षांच्या मुलीसाठी कडक पेटीचे जोडे मागवण्यात काहीच गैर वाटणार नाही. तिला चवड्यावर उभे राहता येतेच! वर्गात शिक्षिका ‘अजून नाही’ म्हणते तेव्हा ती उगाच अडवून धरते, असाच त्याचा समज होईल. भरतनाट्यात पारंगत असलेल्या मुलीच्या बाबतीत हा धोका किंचित अधिक आहे. कुदित्त मेट्टुमुळे तिची पोटरी बळकट झालेली असते आणि चवड्यावरचा तोल उत्तम असतो. परंतु अरमंडीत गुडघे वाकवून भार खाली सोडण्याची तिच्या देहाची सवय पॉइंटसाठी लागणाऱ्या उभ्या रेषेच्या नेमकी उलट असते. ती सवय मोडावयाची नसून, दुसऱ्या वर्गात शिरताना दाराशी चपला काढाव्यात तशी बाजूला ठेवावयाची असते. त्यासाठी लागणारा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो.